दूध सोडण्याचा विधी

नणंदेने कविता केली नाही असा प्रसंग त्या ज्यू घरात उरला नव्हता. सणांच्या तर होत्याच. पण पहिला दात, नवं कुलूप, सासऱ्यांचा मोतीबिंदू, कशावरही ती कविता पाडायची आणि तिला जोडून एक विधीही. "आपल्या जुन्या प्रार्थनांत बायका कुठे आहेत?" असं विचारायची. प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र सहा पानी असायचं.

या वेळी तिच्या भाचीचं दूध सुटलं होतं. आईने कडू लेप लावून, गळ्यापर्यंत बटणं लावून, आठवडाभर रडारड सोसून ते सोडवलं होतं. सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचं होतं.

"इसहाकाचं दूध सुटलं तेव्हा अब्राहामाने मेजवानी दिली होती," नणंद म्हणाली.

"मग मेजवानीच देऊ ना ताई. कविता कशाला?"

"मेजवानी बापाची झाली. आईचं काय?"

रविवारी दिवाणखान्यात पाहुणे जमले. द्राक्षारसाच्या पेल्यावर आशीर्वाद झाला आणि नणंदेने कागद काढले. "आता आईने शाल पांघरून लेकीला मांडीवर आडवं घ्यावं. अगदी पूर्वीसारखं."

"ताई, नको. तिला आठवेल."

"आठवायलाच हवं. निरोप न घेता कसं सोडायचं?"

"घे ना," नवरा म्हणाला. "पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे." बहिणीच्या पानांचा अंदाज त्याला जन्मात आला नव्हता.

"हे आटलेल्या झऱ्या," नणंदेने सुरुवात केली. लेकीने कूस ओळखली आणि थेट वरच्या बटणाला हात घातला. आईने हात सोडवला, लेकीने भोकाड पसरलं. नणंदेने आवाज चढवला. लेकीने त्याच्यावर चढवला. शेवटी पाहुण्यांच्या कानांची दया येऊन आईने शालीआड हार मानली. झरा काही आटलेला नव्हता.

"आणि आता ते ओठ मुक्त आहेत," नणंद वाचत होती.

"मुक्त कसले? डिंकाने डकवल्यासारखे चिकटलेत," सासूबाई म्हणाल्या.

"ते प्रतीक आहे, आई," म्हणत नणंदेने पान उलटलं.

शेवटची ओळ आली: "आजपासून आत्याची कूसही तुझीच." पाहुण्यांनी डोळे पुसत आमेन म्हटलं. आईचं आमेन सगळ्यांत मोठं होतं. लेक झोपताच ती आत गेली आणि भरलेली पिशवी घेऊन आली.

"हे काय?"

"हिचे कपडे, वाटी, चमचा. दूध पुन्हा सुटेपर्यंत तुमच्याकडे राहू दे."

"अगं, ते कवितेत म्हणायचं असतं."

"सगळ्यांनी आमेन म्हटलंय, ताई."

नणंदेने भावाकडे पाहिलं. भावाने छताकडे.

"पहाटे चारला उठते हो ही," सासूबाई आपल्या लेकीला म्हणाल्या. "तुझी लिहायची वेळ तीच ना? छान जमेल तुमचं."