डोकं माझं, खांदा बाबूरावांचा

आमच्या वरच्या मजल्यावरचे बाबूराव खैरे माणसाला तोंडानं ओळखत नाहीत, डोक्यानं ओळखतात. समोरून कुणी आलं की यांची नजर त्याच्या कपाळाच्या वर जाते आणि तिथेच फिरत राहते. दूधवाला म्हणजे ‘चपटा’. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे ‘मागून भोपळा’. माझी सून नवी नवरी म्हणून घरात आली, तेव्हा हे गृहस्थ तिला म्हणाले, “वा! एकही वेढा वाया जाणार नाही.” बिचारी घाबरून आत पळाली.

कारण साधं आहे. चाळीस वर्षं या माणसानं लग्नाकार्यात फेटे बांधले. दुसरं काही केलं नाही आणि दुसरं काही येतही नाही. चहा ठेवला तर उतू जातो. पण ताठा असा की विचारू नका. हल्ली तयार फेटे मिळतात, टोपीसारखे घालायचे नि काढायचे. त्यांचं नाव काढलं की म्हणणार, “अहो किसनराव, डोकं आहे ते, बरणी नाही. झाकण कसलं घालता?”

किसनराव म्हणजे मी. शाळा चौथीपर्यंत. शनिवार पेठेत सायकलचं दुकान चालवलं, आता बिबवेवाडीत मुलाकडे असतो. फेट्यातलं मला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

वैशाखात बाबूरावांचा उजवा खांदा धरला. आधी सांगितलं नाही. पंख्याचा वारा लागला, म्हणाले. मग उशी चुकली. मग गादी चुकली. महिनाभर सगळ्या घरादाराची चूक झाली, यांची काही नाही. शेवटी एका सकाळी शर्टाची एक बाही घालून आणि दुसरी लोंबकळत ठेवून खाली आले आणि दारात उभे राहिले. एकटा माणूस, बायको जाऊन दहा वर्षं झालेली. बाही कोण चढवणार? मी चढवली. ओरडले असे की शेजारचं कुत्रं भुंकलं.

डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर. म्हणजे खांदा गोठला. भर मे महिन्यात पुण्यात माणसं वितळतात, आणि यांचा खांदा गोठला! मी चांगला हसलो. बाबूराव म्हणाले, “हसा. तुमचं डोकं तरी कुठं काम करतं? गुळगुळीत आहे, कापड सरकतं त्याच्यावरून.”

मग उपचार. तिळाचं तेल झालं. तव्यावर मीठ भाजून पुरचुंडीनं शेकणं झालं. त्यात दोनदा हात भाजला, तोही चांगला हात. डॉक्टरांनी व्यायामाला एका मुलीकडे पाठवलं. सोबत मी, कारण यांना रिक्षात चढताना एका हातानं धरता येईना. ती मुलगी म्हणाली, “आजोबा, भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं भिंतीवरून हळूहळू वर चालवायची.”

“मी काय पाल आहे?” बाबूराव म्हणाले.

तिनं दाराला दोरी अडकवून ओढायला सांगितली. हे म्हणाले, “विहिरीवर आलोय का पाण्याला?”

मुलगी बेरकी. रागावली नाही. तिनं विचारलं, “तुम्ही काम काय करायचात?” यांनी सांगितलं. ती म्हणाली, “मग रोज फेटाच बांधा. आधी खाली बसलेल्या माणसाला. हात जसा सुटेल तसं त्याला उंच बसवा. दुखेल तिथपर्यंत जायचं, किंचाळाल तिथपर्यंत नाही. आणि शर्ट घालताना आधी दुखरा हात घालायचा.”

हे पटलं. घरी जाऊन या शहाण्यानं फेटा कुणाला बांधावा? पाण्याच्या माठाला! नऊ मीटर कापड गुंडाळलं, आणि सगळं घसरून जमिनीवर. फेटा कानांवर टेकतो म्हणे, आणि माठाला कान नसतात. चाळीस वर्षांचा कारागीर, आणि हे त्याला माठानं शिकवलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता कापडाचा गठ्ठा काखेत मारून आमच्या घरी हजर.

“किसनराव, बसा खाली.”

“का?”

“तुम्हाला कान आहेत.”

इतकं काय अडलं होतं, तेही सांगून टाकतो. यांचा मुलगा सुधीर हडपसरला मोठ्या कंपनीत आहे. सहा वर्षांपूर्वी कंपनीच्या गणपतीत त्यानं बापाला साहेबलोकांना फेटे बांधायला बोलावलं. बाबूराव सगळ्यात मोठ्या साहेबाच्या डोक्याकडे बघून सगळ्यांदेखत म्हणाले, “याला नको. आत काही असेल तर वर शोभतं.” सुधीर म्हणाला, “बाबा, उद्यापासून येऊ नका.” ते गेले नाहीत, आणि तोही आला नाही. बोलणं बंद.

आता सुधीरच्या मुलीचं, सईचं, लग्न मार्गशीर्षात ठरलं. पोरगी आजोबांना भेटून सांगून गेली, “बाबांना फेटा तुम्हीच बांधायचा. ते बोलणार नाहीत, पण खुर्चीवर बसतील.”

“बसायचं नाही,” बाबूराव म्हणाले. “फेटा उभ्या माणसाला बांधतात. बसलेल्याला बांधतात ती पट्टी.”

सुधीर सहा फूट. बाबूराव टाचा उचलून सव्वापाच. आणि हात छातीच्या वर जाईना! अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो आणि खुर्ची मागवतो. पण आता शहाणा माणूस कुठून आणायचा?

तर मी जमिनीवर चटई टाकून बसलो. फेटा बांधताना कापडाचं एक टोक बांधून घेणाऱ्यानं दातात धरायचं असतं. माझी कवळी. ती धरून बसायची, आणि कापड ओढलं की कवळीही निघायला बघते. म्हणजे अर्धा तास हा माणूस माझ्या डोक्याची निंदा करणार आणि मला उलट एक शब्द बोलता येणार नाही. जन्मात एवढा वेळ मी गप्प बसलो नव्हतो. सून म्हणाली, “बाबा, रोज येऊ देत त्यांना.”

आषाढात चटईवरून पाटावर आलो. पाट म्हणजे चार बोटं उंची, पण त्या चार बोटांसाठी बाबूरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बघितलं नाही असं दाखवलं. श्रावणात स्टूल. गणपतीत हात पुन्हा अडकला आणि आम्ही परत पाटावर. आठ दिवस हा माणूस नुसता बांधायचा आणि सोडायचा. माझ्या डोक्याला नावं ठेवणंसुद्धा बंद. तेव्हा जरा काळजी वाटली. दसऱ्याला खुर्ची. दिवाळीत मी उभा राहिलो, आणि फेटा बांधला गेला! वाकडा, पण बांधला गेला. बाबूराव म्हणाले, “मापात आलात.”

पण मी साडेपाच फूट. राहिलेल्या सहा इंचांसाठी मी काय करावं? पाटावर पाट ठेवून त्यावर चढलो. या वयात, भिंतीला हात लावून, दातात कापड. तरी यांचा हात शेवटच्या चार बोटांना कमीच पडला. सुनेनं फोटो काढला. तो तिनं कुणाकुणाला पाठवला ते मी विचारलेलं नाही.

त्याच दिवशी, माझं तोंड बंद असताना, मागून आवाज आला. “किसनराव, त्या साहेबाचं डोकं चांगलं होतं. गोल, भरीव. उगाच बोललो मी.”

मी कापड सोडून विचारणार होतो, की अहो, मग हे मला काय सांगता? पण कवळी अडकली.

लग्नाच्या दिवशी मी कापडी पिशवीत एक पाट घालून नेला. पाट घेऊन लग्नाला जाणारा पुण्यात मी एकटाच असेन. सुनेनं विचारलं तेव्हा म्हटलं, बसायला लागतो.

कार्यालयातल्या खोलीत सुधीर आला. कानांवरचे केस पांढरे झालेले. बापाकडे न बघता समोर ताठ उभा राहिला. खुर्ची होती, बसला नाही. बाबूरावांनी टोक पुढे केलं, त्यानं दातात धरलं. पहिला वेढा गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला हात अर्ध्यात थांबला. बाबूरावांचं कपाळ घामानं भिजलं. टाचा उचलल्या, तरी नाही. सुधीरनं ते ओळखलं आणि गुडघ्यात किंचित वाकला.

“सरळ उभा राहा,” बाबूराव म्हणाले.

सहा वर्षांनी मुलाशी बोललेले हे पहिले शब्द. सुधीर सरळ झाला.

मी पिशवीतून पाट काढला आणि पायानं बाबूरावांच्या पायापाशी सरकवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोक्याकडे नाही, तोंडाकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, आता पाट लाथाडणार. पण ते चढले.

पाटावर चढल्यावर हात पोहोचला. वेढे नीट बसले, वर तुरा उभा राहिला. मी एवढे महिने डोकं दिलं, मला असा एकदाही बांधला नाही. मग तुरा सारखा करता करता, नजर तुऱ्यावरच ठेवून म्हणाले, “त्या साहेबाचं डोकं चांगलं होतं. मी चुकलो.”

सुधीरच्या तोंडात कापड. त्यानं नुसती मान हलवली.

“डोकं हलवू नकोस,” बाबूराव म्हणाले, “वेढे सुटतील.”

मग तो हलला नाही. फेटा बांधून झाला होता. आता टोक सोडून पाठीवर टाकायचं एवढंच राहिलेलं. एव्हाना मलाही तेवढं कळतं. बाहेर गुरुजी मुलीच्या वडिलांना हाका मारत होते. पण पोरगं टोक दातातून सोडेना, आणि म्हातारा पाटावरून उतरेना.

मी दाराशी थांबलो. पाट माझ्या घरचा होता, परत न्यायचा होता.