मीठ घातलेला कण

जमिनीखाली दीड किलोमीटरवर, एका बंद पडलेल्या खाणीच्या पोटात, एक सरकारी प्रयोगशाळा होती आणि तिथे कित्येक वर्षे काहीही सापडत नव्हते. जमिनीवरच्या कार्यालयांतही फारसे काही सापडत नसे, पण तिथले लोक तसे लेखी देत नसत. खाणीतले देत. दर वर्षाअखेरीस प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई अहवालात स्वच्छ अक्षरांत लिहीत, 'यंदाही काही सापडले नाही,' आणि खाली सही करत. खात्यात हा अहवाल फार आवडीने वाचला जाई, कारण तो एका ओळीचा असे.

शोध चालला होता कृष्णद्रव्याच्या कणाचा. विश्वात जेवढे काही दिसते त्याच्या कितीतरी पट न दिसणारे आहे, आणि ते कशाचे बनलेले आहे हे कुणालाच ठाऊक नाही, यावर जगभरच्या शास्त्रज्ञांचे एकमत होते. हा कण भिंतींच्या, डोंगरांच्या, तुमच्या-आमच्या आरपार जातो आणि कुणाच्या अध्यातमध्यात पडत नाही. पण चुकून कधी एखाद्या अणूवर आपटलाच, तर बारीकशी चमक उमटेल. त्या आशेवर झेनॉन नावाचा वायू थंड करून, त्याचा द्रव करून एका मोठ्या टाकीत भरून ठेवला होता. टाकी जमिनीवर ठेवली असती तर आकाशातून कोसळणाऱ्या इतर किरणांनी तिच्यात नुसता लखलखाट मांडला असता. म्हणून ही मंडळी डोक्यावर दीड किलोमीटर खडक घेऊन शांत बसत.

बाई शिस्तीच्या होत्या. टाकीजवळ जाताना बूट बदलायचे, घड्याळ काढायचे, केस टोपीत कोंबायचे. केळे आत न्यायला सक्त मनाई, कारण केळ्यातही किंचित किरणोत्सर्ग असतो. बाईंच्या दराऱ्यामुळे प्रयोगशाळेतल्या निम्म्या लोकांनी घरीसुद्धा केळे खाणे सोडले होते.

शिवाय माणूस फार दिवस वाट पाहत बसला की त्याला हवे ते दिसू लागते, हेही बाई ओळखून होत्या. त्यावर या धंद्यात एक युक्ती आहे. एका माणसाला नेमायचे आणि त्याने संगणकातल्या नोंदींमध्ये गुपचूप दोन-चार खोट्या चमका घालून ठेवायच्या. बाकीच्यांनी खरे-खोटे न कळता सगळ्या चमकांची सारखीच उलटतपासणी करायची. ती पुरी झाली की त्या माणसाने आपल्या चमका कोणत्या ते सांगायचे. याला मीठ घालणे म्हणतात. मीठ घालणाऱ्याने त्याआधी तोंड उघडले, नुसती भुवई उडवली, तरी वर्षभराच्या नोंदी बाद.

या कामाला ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा माणूस हवा. बाईंनी आपल्या यजमानांना निवडले. ते तिथेच इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर होते, आणि इतक्या वर्षांच्या संसारात आपले स्वतःचे मत काय आहे याचा त्यांनी बाईंना एकदाही पत्ता लागू दिला नव्हता.

त्या वर्षी एक चमक आली. बाई घरी आल्या त्या गुणगुणतच. हे घरात याआधी कधी घडले नव्हते, त्यामुळे शाळेच्या शेवटच्या वर्षात असलेली त्यांची मुलगी अभ्यास सोडून बाहेर येऊन बघून गेली.

"अहो," जेवताना बाई म्हणाल्या, "एक आलीय."

"हो का," यजमान म्हणाले.

"अगदी मधोमध. जेवढी बारीक असायला हवी तेवढीच बारीक. मी मनात जशी धरून बसले होते ना, तश्शी."

"अरे वा."

"तुम्ही घातलेली आहे का, असं मी विचारणार नाही."

"नकोच विचारूस."

"नाहीच विचारत. पण जरा इकडे बघा."

यजमान ताट उचलून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ भांडी घासत राहिले.

चमक त्यांचीच होती. बाई मनात कसली चमक धरून बसल्या आहेत हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? त्यांनी ती जीव ओतून घडवली होती. आता बायको गुणगुणताना ऐकून ते घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते. पण नियम तो नियम. त्यांनी मिठाची गुळणी धरली. मराठीत हा वाक्प्रचार इतका चपखल दुसऱ्या कुठल्याच खात्यात बसला नसता.

तपासणी पुरी व्हायला अजून अवकाश होता. तेवढ्यात खाणीच्या नव्या लिफ्टची पाहणी करायला खात्याचे सचिव आले. लिफ्ट पाहून झाल्यावर त्यांनी शिष्टाचार म्हणून विचारले, "बाकी काय प्रगती?"

"एक चमक मिळाली आहे," बाई म्हणाल्या. त्यांना खोटे बोलता येत नसे. "पण ती मुद्दाम घातलेली, खोटीही असू शकेल. तपासणी चालू आहे."

वाक्याचा पहिला भाग सचिवांबरोबर लिफ्टने वर आला. दुसरा खालीच राहिला. संध्याकाळच्या बातम्यांत मंत्रिमहोदयांनी कण सापडल्याचे जाहीर केले आणि हा कण सर्वसामान्य माणसाला समर्पित केला.

बाईंनी दुसऱ्या दिवशी तपासणी आवरती घेतली आणि सगळ्यांसमोर यजमानांना विचारले, "बोला आता. कुणाची?"

"माझी," यजमान जमिनीकडे बघत म्हणाले.

बाई क्षणभर खुर्चीत बसल्या. त्यांना फार वाईट वाटले. मग उठून त्यांनी पर्स घेतली, यजमानांना घेतले आणि दोघे सचिवांच्या दालनात गेले.

"खोटी म्हणजे?" सचिवांनी विचारले. "चमकलं की नाही?"

"टाकीत नाही चमकलं," यजमान म्हणाले. "मी संगणकात घातलं."

"कुणाच्या आदेशानं?"

"हिच्या. म्हणजे, प्रमुखांच्या."

"आदेश नियमाला धरून होता?"

"हो."

"म्हणजे चमक अधिकृत आहे."

"अधिकृत आहे, पण खोटी आहे," बाई म्हणाल्या.

"बाई," सचिव समजुतीच्या सुरात म्हणाले, "माझी इतकी वर्षं नोकरी झाली. हे दोन शब्द आमच्याकडे एका वाक्यात येत नाहीत."

तरीही शास्त्रज्ञांच्या भावनांचा मान राखून सचिवांनी समिती नेमली. समितीने खाणीत उतरण्याचे टाळून, दमट हवेचा त्रास नको म्हणून वरच्या विश्रामगृहात सखोल अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला: विचाराधीन चमक ही सक्षम व्यक्तीने, विहित पद्धतीने, पूर्वपरवानगीने निर्माण केलेली असल्यामुळे ती वैध ठरते. उलटपक्षी, एखादी चमक टाकीत आपोआप उमटल्यास तिला कुणाचीही मंजुरी नसते, सबब अशा चमका अनियमित समजाव्यात व त्यांना आळा घालावा.

यजमानांना बढती मिळाली. ते 'कण अधिकारी' झाले. त्यांना एक केबिन मिळाली आणि दाराबाहेर लाल दिवा, जो ते आत असताना चमके. 'मी काहीच शोधलेलं नाही,' असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि लोक त्यांच्या नम्रतेने भारावून जात. तीन सत्कारांत त्यांनी हे वाक्य उच्चारले, तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. चौथ्या सत्काराला ते तापाने आजारी पडले, आणि ताप मात्र खरा होता.

कण सापडल्यामुळे शोध संपला, हे ओघाने आलेच. टाकीतला झेनॉन काढून घेण्याचा हुकूम निघाला. बाई धावत पुन्हा सचिवांकडे गेल्या.

"टाकी रिकामी झाली की परत भरायला एक पिढी जाईल," त्या म्हणाल्या. "खरा कण उद्याही येईल, साहेब. आपण घरीच नसू."

"मला कळतंय हो," सचिव म्हणाले, आणि त्यांना खरेच कळत होते. त्यांचे अर्धे आयुष्य कळण्यात गेले होते. "पण जाहीर झालेला कण खात्याला मागे घेता येत नाही. हां, लोकांची मागणी आली तर गोष्ट वेगळी. एखाद्या तरी सभेनं, एखाद्या शाळेनं म्हणू दे की आम्हाला खोटा कण नको. मी झेनॉन थांबवतो. शब्द देतो."

शाळेचे नाव निघाले ते उगीच नाही. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातली चूक सुधारायला एरवी मुले आजोबा होतात. हा कण मात्र महिन्याभरात पुस्तकात छापून आला, चित्रासकट. चित्रात कण गोल होता आणि त्याला निळा रंग दिला होता. वार्षिक परीक्षेत प्रश्नही आला: 'कृष्णद्रव्याचा कण सापडला आहे काय? कोठे?' दोन गुण.

"तू काय लिहिलंस?" बाईंनी मुलीला विचारले.

"हो, सापडला आहे. खाणीत."

"अगं, तुला माहितीये ना! तुझ्या बापानं घातलाय तो!"

"माहितीये गं आई. पण पेपरात माहीत असलेलं लिहायचं नसतं, पुस्तकातलं लिहायचं असतं. तूच म्हणतेस ना, नियम पाळावेत?"

बाईंनी तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना गाठून पालकसभेत दहा मिनिटे मागून घेतली.

सभेला गर्दी चांगली होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे आखडून बसली होती. बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळे सांगितले: टाकी, मीठ, यजमान, समिती. त्या सांगत होत्या साधेपणाने. "आम्हाला काही सापडलेलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि हे सांगायची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती सापडलं म्हणायची. आज तुम्ही एवढंच म्हणा की, आमच्या मुलांना खरं उत्तर शिकवा. मग टाकी वाचेल." टाळ्या कडाडल्या. एका आजींनी डोळे पुसले.

मुख्याध्यापक उठले. त्यांनाही भरून आले होते. "बाईंची मागणी रास्त आहे," ते म्हणाले. "आपण आत्ताच ठराव करू आणि खात्याला कळवू. फक्त एक तांत्रिक बाब. सापडला नाही हे उत्तर बरोबर धरलं, तर ज्यांनी सापडला असं लिहिलं त्यांचे दोन गुण कापावे लागतील. म्हणजे, सगळ्यांचेच. ज्या पालकांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा."

बाईंचा हात वर गेला. कोपऱ्यात उभ्या असलेल्या यजमानांचाही गेला. तिसरा हात वर गेला नाही.

तुम्हीही पालकांतच, मागून दुसऱ्या बाकावर होतात. बाईंचे म्हणणे तुम्हाला शब्दन् शब्द पटले होते. टाळ्या तर तुमच्याच सगळ्यांत जोरात होत्या. पण नेमका तेव्हाच तुमचा चष्मा खाली पडला, आणि तो शोधायला तुम्हाला दोन्ही हात लागले.

'पालकांची काहीही मागणी नाही,' असे मुख्याध्यापकांनी लिहून घेतले आणि सभा संपली.

जिन्यात तुम्ही बाईंना गाठलेत. "फार बरं केलंत हो बोललात ते," आजूबाजूला बघून तुम्ही हळूच म्हणालात. "कुणीतरी बोलायलाच हवं होतं."

बाई थांबल्या. रागावल्या नाहीत, नुसत्या दमल्यासारख्या दिसल्या. काहीतरी बोलायचे म्हणून त्यांनी विचारले, "तुमच्या मुलाला विज्ञानात किती पडले?"

"पैकीच्या पैकी!" तुम्ही म्हणालात, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच तुमचा आवाज मोठा झाला.