दगडाला समजावून सांगा

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी प्रोग्राम लिहायला शिकत होते. का, ते विचारू नका. सिंहमहाराजांनी सांगितलं होतं.

शिकवायला धनेश मास्तर होते. त्यांची चोच भलीमोठी, पण दुसऱ्याच्या प्रोग्रामला ते ती कधी लावत नसत. त्यामुळे ते कुणालाच आवडत नसत. सगळ्यांचा लाडका होता माकडदादा. "आण इकडे," म्हणायचा, काहीतरी खटखट करायचा आणि प्रोग्राम चालायचा. का चालायचा, ते त्यालाही ठाऊक नसे.

सगुणा नावाच्या साळिंदरीने पाणवठ्याच्या घंटेचा प्रोग्राम लिहिला होता. वाघ पाणी पिऊन गेला की घंटा वाजायची, मग हरणांनी यायचं. पहिल्याच दिवशी वाघ तिथंच असताना घंटा वाजली. एक हरीण थोडक्यात बचावलं. त्याचं शेपूट बचावलं नाही.

सिंहमहाराज म्हणाले, "संध्याकाळपर्यंत चूक काढ. नाहीतर उद्यापासून वाघाशेजारी उभं राहून घंटा तूच वाजवायची."

माकडदादा नेमका मामाच्या गावाला गेलेला. सगुणा रडत मास्तरांकडे आली.

"मास्तर, तुम्हीच सांगा ना, कुठं चुकलंय!"

"हा दगड घे. एकेक ओळ त्याला समजावून सांग."

"इथं माझा जीव जायची वेळ आलीय आणि तुम्ही दगड काय देताय!"

"त्याला काहीच येत नाही," मास्तर म्हणाले. "म्हणून नीट सांगावं लागेल."

सगुणा फणकाऱ्याने दगडासमोर बसली. "ऐक रे दगडा. वाघ आला की शंभरपर्यंत मोजायचं. शंभर झाले की वाघ गेला असं समजायचं. मग घंटा..." ती थांबली. "पण का समजायचं? तो गेला का, ते मी बघितलंच कुठं?"

त्या दिवशी वाघ पाण्यात आपल्या मिशा न्याहाळत बसला होता. सगुणाने मोजणं काढून टाकलं. वाघ पाणवठ्याच्या फाटकाबाहेर पडला का ते तपासायचं आणि मगच घंटा वाजवायची, असं लिहिलं. संध्याकाळी हरणं पोटभर पाणी प्यायली. सगुणाला इतका आनंद झाला, की ती जंगलभर ओरडत सुटली, "दगडासमोर बसले आणि चूक सापडली!"

इथं मात्र तिचं खरंच चुकलं.

सकाळी बघावं तर दगडाला शेंदूर फासलेला, वर झेंडूचा हार. समोर रांग, आणि रांगेतल्या प्रत्येकाजवळ एकेक बिघडलेला प्रोग्राम. माकडदादा मामाकडून तातडीने परतून पुजारी झाला होता.

"अरे, नुसतं डोकं काय टेकताय? त्याला ओळी समजावून सांगा!" मास्तर ओरडले.

"हळू बोला, मास्तर," ससा म्हणाला. "देवाला काय समजावायचं? त्याला सगळं कळतं."

पुढच्याच आठवड्यात सगुणाचा दुसरा प्रोग्राम अडला. दगडापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, आणि दुसरा दगड घ्यावा तर त्यालाही शेंदूर लागला असता. मग तिने झुडपामागे मास्तरांनाच समोर बसवलं आणि एकेक ओळ समजावून सांगितली. मास्तर चकार शब्द बोलले नाहीत. चूक सापडली.

"कशी सापडली गं?" सशाने विचारलं.

सगुणाने मास्तरांकडे पाहिलं. जंगलात मास्तर एवढे एकच होते, आणि शेंदूर पुष्कळ शिल्लक होता.

"माकडदादांची कृपा," ती म्हणाली.

तात्पर्य: आपली चूक आपणच शोधावी, पण श्रेय पुजाऱ्याला द्यावं. मास्तरांवर खरी माया असेल तर एवढं करावंच.