अण्णांना तक्रार लागते

माझी रिक्षा आख्ख्या छावणी भागात माझ्याशिवाय कुणाच्या बापाला चालवता येत नाय. व्यसनमुक्ती केंद्रात मला आणलं ते त्याच रिक्षात मागं कोंबून, अन् चालवत होती माझी बायको शोभा.

फाटकात एक उंच, काटकुळा माणूस हातात बॅटरी घेऊन उभा. भर दुपारी. त्यानं माझ्या डोळ्यात उजेड मारला, जीभ बघितली, मंग रिक्षाचं चाक दाबून बघितलं अन् म्हणला, "हवा कमी. येताना काही तक्रार?"

मला वाटलं, यानं माझ्यापेक्षा जास्त घेतलीय.

तेच अण्णा. केंद्र त्यांचंच. पूर्वी शेंद्र्याला एका कंपनीत क्वालिटीला होते. पट्ट्यावरनं येणारा एकेक पार्ट बघायचा, खराब निघाला की बाजूला काढायचा, सुधरण्यासारखा असला तर रिवर्कला, म्हंजे दुरुस्तीला धाडायचा, हे काम. पुढं दारूपायी कंपनीनं अण्णांनाच बाजूला काढलं. मंग त्यांनी दारू सोडली, केंद्र काढलं, पण नजर कंपनीतलीच राहिली. पोळी उजेडाला धरून बघायचे. गादी ठोकून बघायचे. आम्ही रांगेत उभं राहिलो की एकेकाला खांद्याला धरून हलवायचे, आत काही ढिलं वाजतंय का म्हणून. कुणी रडाय लागला, "अण्णा, मी वाया गेलो," की म्हणायचे, "वाया नाय. रिवर्कला आलायस."

पण खरी खोड तक्रारीची. जेवताना विचारायचे, झोपताना विचारायचे. एकदा मी संडासात बसलेलो, तर दार वाजलं.

"बबन, काही तक्रार?"

"अण्णा, सध्या एकच हाय. ती दारात उभी हाय!"

"छान," म्हणले अन् खूश होऊन गेले.

तक्रार नाय म्हणलं की अण्णा काळजीत पडायचे. त्यांचं म्हणणं, पिणाऱ्या माणसाला शिळं काय अन् ताजं काय, तो गटारात पण मजेत झोपतो. त्याला मीठ कमी लागलं, गादी टोचाय लागली, की समजायचं गडी माणसात येतोय. माझ्या शेजारच्या खाटेवर घड्याळं दुरुस्त करणारा सलीमभाई होता. आल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडलेला, दिलं ते गिळायचा. एक दिवस त्यानं ताट सरकवलं अन् ओरडला, "ये क्या दाल है मियाँ? हौद का पानी हुआ ये तो!"

अण्णांनी लंगडत पळत येऊन त्याला मिठीच मारली. आचाऱ्याला सगळी डाळ पुन्हा शिजवायला लावली. आम्ही उपाशी बसून टाळ्या वाजवल्या.

मी म्हणजे लई शहाणा. हिशेब केला, जितक्या जास्त तक्रारी तितकी लवकर सुटका. सकाळी उठलो की सुरू. उशी गरम हाय. खिडकी तिरपी हाय. सलीमभाई उर्दूत घोरतो. अण्णांनी उशी बदलली, खिडकी ठोकली, सलीमभाईची खाट पलीकडं नेली. अन् मला म्हणले, "बबन, तुला नसलेलं पण टोचतंय. तुला अजून ठेवावं लागतंय." सलीमभाई माझ्या आधी घरी गेला.

शेवटी माझा नंबर लागला. निघताना फाटकात मी सहज विचारलं, "अण्णा, तुमची काही तक्रार?"

अण्णांनी बॅटरी उगाच चालू केली, बंद केली.

"आमची सुमन लई तक्रार करायची," ते म्हणले. "बायको रे. मी प्यायचो तवा रोज भांडी आपटायची, शिव्या द्यायची. मंग एक दिवस गप झाली. मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली. तशीच गपगप पैठणला भावाकडं निघून गेली. आता बोलवावं वाटतं. पण आली अन् इथं पण गपच बसली, तर?"

ज्या माणसानं मला पाहुण्यासारखं जपलं, त्याचं एवढं काम तर मी करणारच. दुसऱ्या दिवशी पैठणची एसटी धरली. सुमनकाकू भावाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या. मी अण्णांचं कौतुक सुरू केलं. देवमाणूस, लाखात एक, दारूचा वास पण नाय. काकू हूं नाय की चूं नाय. शेंगा फोडतायत. माझं कौतुक संपलं, त्यांच्या शेंगा संपंनात.

आता काय बोलावं? केंद्रातली सवय, तोंडातनं आपसूक निघालं. "पण काकू, संडासात पण सुखानं बसू देत नाय हो हा माणूस! अन् स्वतः धड जेवत नाय. सगळ्यांना वाढून उरलं तर उभ्यानं खातो."

काकूंचा हात थांबला.

"अजून उभ्यानंच खातात?"

"व्हय."

"अन् गुडघ्याला तेल?"

"कुठलं तेल! लंगडतच फिरतात."

काकू फाटदिशी उठल्या अन् आत गेल्या. दार लागलं. मी म्हणलं, बबन, घातला घोळ. गुपचूप परत आलो, अण्णांना काही बोललो नाय.

रविवारी केंद्रात घरच्या लोकांचा दिवस असतो. मी शोभाला घेऊन गेलो, सलीमभाई पण आलेला. अण्णा चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. तेवढ्यात फाटकातनं काकू आल्या, हातात पिशवी.

अण्णा जागच्या जागी. काकू गप.

काकूंनी वर बघितलं, खाली बघितलं.

"ही पायरी कुणी केली एवढी उंच?" त्या म्हणल्या. "म्हाताऱ्या माणसानं कसं चढायचं? पडदा वाकडा लावलाय. चहा गार झालाय. अन् गालफाडं कामून बसली तुमची? आरशात बघत नाय का कधी?"

थांबंचनात. अण्णा नुसतं "व्हय, व्हय" करत होते. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून खांद्याला घासत होते. शेवटी सलीमभाईनं ट्रे काढून घेतला.

मी छाती पुढं काढून मधी गेलो. "बघा काकू, शेवटी मीच आणलं का नाय तुम्हाला?"

"तू कशाला आणतोस?" काकू म्हणल्या. "एसटीनं आले मी. सर बाजूला, म्हसरासारखा वाटंत उभा राहिलायस."