असायला नको असलेला ठिपका

चहाचा कप ओठांपाशी नेता नेता सूनबाईंचा हात थांबला. लॅपटॉपवर उपग्रहाने अतिनील प्रकाशात टिपलेलं चित्र होतं. वरच्या वातावरणातले आयन त्यात अंधुक चकाकत होते आणि मधोमध एक ठळक ठिपका होता.

"काय झालं गं?" सासरेबुवांनी विचारलं.

"बाबा, हे आपल्याच डोक्यावरचे आयन. विजेचा भार असलेले कण. हा ठिपका मात्र इथे असायला नको होता."

तिने ऑफिसातल्या साहेबांना फोन करून 'काहीतरी नवीन सापडलंय' असं कळवलं. सासरेबुवांनी तेवढ्यात खाली जाऊन शेजाऱ्यांना 'डोक्यावर काहीतरी असायला नको ते आलंय' असं कळवलं.

संध्याकाळी ती ऑफिसातून परतली तेव्हा गच्चीला कुलूप होतं आणि इमारतीचे सगळे कपडे जिन्यात वाळत होते. ओल्या चादरींतून वाट काढताना शेजारच्या काकू भेटल्या.

"काय गं, ते आयन कपड्यांतून घरात येतात का?"

"काकू, ते शेकडो किलोमीटर वर आहेत."

"मग उतरायला किती वेळ लागेल?"

सासरेबुवांनी खाली सभाच बोलावली होती. लोकांना समजावायचं म्हणून तिने लॅपटॉपवर आधीच्या दिवसांची चित्रं उघडली आणि एकेक ताडून पाहिली. ठिपका त्यांतही कडेला होता; उपग्रह कुठेही असो, आकाशात एकाच जागी. तो एक तारा होता. आज नेमका कॅमेऱ्यासमोर आला होता, इतकंच.

तिने साहेबांना फोन लावला. "सर, तो तारा निघाला."

"मी वर कळवून बसलोय," साहेब म्हणाले. "असो. आता हेही कळवतो."

सभेत तिने पडेल आवाजात सांगितलं, "तसलं काही नाहीये. माझीच चूक झाली."

सासरेबुवा ताबडतोब उठले. "थोडक्यात, सूनबाईंनी ठिपका घालवला."

टाळ्या पडल्या. तिने खुलासा करायला तोंड उघडलं, पण तोवर सगळे कपडे घेऊन गच्चीकडे निघाले होते.

काकू तेवढ्या मागे राहिल्या. "तुला ठिपके घालवता येतात, तर आमच्या टीव्हीवरचा बघ ना जरा. मेकॅनिकने हात टेकले."

नाही म्हणायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. काकूंच्या घरी जाऊन तिने ठिपका जवळून न्याहाळला, ओढणीचं टोक ओलं करून पुसला. जॅम होता.

"बघा," काकू नवऱ्याला म्हणाल्या, "अभ्यास असावा तर असा."

सूनबाईंनी ओढणीचं टोक पिळलं. सकाळपासून तिचं हे पहिलंच निदान बरोबर निघालं होतं.