माळावरचे गोल्फगुरू

"गोल्फ खेळता का हो, उद्धवराव?" रेगेसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवत सहज विचारलं, आणि उद्धवरावांच्या तोंडून "हो साहेब, पूर्वी बराच खेळायचो" असं निघून गेलं.

निघून जायला कारण होतं. पिंपरीच्या त्या रंगाच्या कारखान्यात उद्धवराव स्टोअर सांभाळत होते आणि असिस्टंट मॅनेजरची जागा लवकरच रिकामी व्हायची होती. रेगेसाहेब कलकत्त्याच्या हेड ऑफिसातून नुकतेच मॅनेजर होऊन आलेले. पाइप ओढायचे आणि रविवारीसुद्धा बूट घालायचे. अशा माणसासमोर "नाही" म्हणायला जीभ वळत नाही. खरं म्हणजे उद्धवरावांनी गोल्फ आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही येरवड्याला बसच्या खिडकीतून. कोणा साहेबाचं काहीतरी गवतात पडलंय आणि तो ते काठीनं शोधतोय, अशी तेव्हा त्यांची समजूत झाली होती.

"वा, वा!" साहेब म्हणाले. पाइप विझलेला नसतानाही त्यांनी तो पुन्हा पेटवला. "मग दिवाळी झाली की भोसरीच्या माळावर एक डाव होऊन जाऊ दे."

गुरू शोधणं आलं. चिंचवडात मालोजीराव नावाचे एक गृहस्थ राहत. एका लहानशा संस्थानात आपण राजेसाहेबांचे गोल्फशिक्षक होतो, असं ते सांगत. संस्थान विलीन झालं, राजेसाहेब परदेशी गेले, तेव्हा खोटं म्हणायला कोणी उरलं नव्हतं. त्यांच्याकडे चामड्याची एक लांब पिशवी होती, अंगात तपकिरी कोट होता आणि चेहऱ्यावर समोरचा माणूस आत्ताच काहीतरी चुकलाय असा भाव होता. शिक्षक व्हायला लोकांना याहून जास्त काही लागत नाही.

"काठी कशी धरायची?" उद्धवरावांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

मालोजीरावांनी डोळे मिटले. "काठी म्हशीमागे लागते, उद्धवराव. हा क्लब. आणि तो आपण एवढ्यात धरणार नाही आहात. आधी उभं राहायला शिका. त्याला स्टान्स म्हणतात."

"मी उभाच आहे की."

"हे उभं राहणं नव्हे. हे नुसतं न पडणं आहे. गुडघे वाकवा. कंबर मागे. आणखी मागे. हां! आता बगळ्यासारखे स्थिर व्हा आणि चेंडूचा विचारसुद्धा मनात आणू नका."

चेंडूचा विचार यायचा प्रश्नच नव्हता, कारण मालोजीरावांनी चेंडू पिशवीतून कधी बाहेरच काढला नाही. उद्धवराव रोज सकाळी माळावर वाकून उभे राहत आणि मालोजीराव दगडावर बसून राजेसाहेबांच्या आठवणी सांगत. त्या आठवणींत जेवणं फार होती, गोल्फ फार थोडा होता.

घरीही सराव चालू झाला. एकदा रुक्मिणीबाई दूध उतू जायला आलं म्हणून धावत स्वयंपाकघरात आल्या, तर चुलीसमोर नवरा अर्धवट बसलेला.

"अगं बाई! उसण भरली का हो?"

"हा स्टान्स आहे."

"काय असेल ते असू दे. हलू नका, मी वीट गरम करून आणते."

त्यांनी खरोखरच वीट फडक्यात गुंडाळून कमरेला लावली, आणि उद्धवरावांनी ती लावू दिली, कारण एव्हाना कंबर धरलीच होती. स्टोअरमध्येही ते नकळत तसेच उभे राहू लागले. माल घ्यायला आलेली माणसं त्यांना खुर्ची पुढे करू लागली. कंपनीच्या डॉक्टरांनी वाटेत गाठून, मूळव्याधीत लाज धरायची नसते, असं हळूच सांगितलं.

शेवटी भोसरीच्या इकबाल फोरमनला राहवलं नाही. तो त्यांचा जुना मित्र.

"उद्धवराव, दिवाळी दारात आली आणि तुम्ही अजून उभेच? आमच्या भोसरीत सुभेदार दत्तोबा आहेत. खडकीच्या छावणीत गोऱ्यांना गोल्फ शिकवायचे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणजे, तेच म्हणतात."

सुभेदार दत्तोबांची पद्धत अगदी निराळी होती. पहिल्याच सकाळी त्यांनी उद्धवरावांच्या हातात क्लब कोंबला, समोर चेंडू ठेवला आणि कानाजवळ तोंड नेऊन गर्जना केली.

"त्यो चेंडू न्हाई! कोन हाय त्यो?"

"क... कोण?"

"दुश्मन हाय! बघा त्याच्याकडं! राग येतोय का?"

"फारसा नाही येत."

"मंग कसं जमायचं! एकावर क्लब वर, दोनावर दम धरायचा, तिनावर हान! एक!"

बगळ्यासारखं स्थिर राहायची सवय लागलेले उद्धवराव एकावर स्थिर, दोनावर स्थिर आणि तिनावरही स्थिरच राहिले. त्यावर सुभेदारांनी पलटणीतल्या ठेवणीतल्या शिव्या काढल्या. त्यांचं एकूण शिक्षणशास्त्र एवढंच होतं. एकाला चेंडूचं नाव नको, तर दुसऱ्याला चेंडूशिवाय काही दिसत नव्हतं. मात्र चेंडू मारून दाखवायचं अजून दोघांच्याही मनात आलं नव्हतं. उद्धवरावांना वाटलं, मोठी माणसं मारून दाखवत नसतील.

डावाच्या आदल्या दिवशी मालोजीरावांनी ताप असल्याचा निरोप धाडला. दोघांपैकी एक गुरू तरी टळला म्हणून उद्धवरावांना हायसं वाटलं. ते सुभेदारांना घेऊन माळाच्या पलीकडच्या अंगाला, बाभळींच्या रांगेआड गेले. तिथं कोणी येत नसे.

"आज अखेरचा तास," सुभेदार म्हणाले. "आज राग आलाच पायजे. डोळ्यापुढं कोन आनाल?"

उद्धवरावांनी चेंडूकडे पाहिलं. त्यांना एकदम मालोजीराव दिसले, मग गरम वीट, मग मूळव्याध. आतून काहीतरी उसळून आलं.

"तीन!" सुभेदार ओरडले.

उद्धवरावांनी असा काही हाणला की चेंडू जागच्या जागी राहिला आणि क्लब हातातून सुटून गरगरत बाभळींच्या पलीकडे गेला. तिकडून आवाज आला, "अरे बाप रे! मेलो!"

दोघं काट्यांतून वाट काढत धावले. पलीकडे एक गृहस्थ गुडघे वाकवून, कंबर मागे काढून उभे होते. त्यांची हॅट क्लबसकट दूर जाऊन पडली होती. शेजारी तपकिरी कोटात मालोजीराव, ताप बीप काही नसलेले.

"साहेब, आपण?" उद्धवराव कसेबसे म्हणाले.

रेगेसाहेब सरळ व्हायला गेले. कंबर वर येईना.

"साहेब, आपल्यालाही शिकायचंय? आपण तर कलकत्त्याला..."

"कसलं कलकत्ता!" साहेब उखडले. "तिथं पाठदुखी सांगून इतकी वर्षं टाळलं. इथं पिंपरीत कोणाला येत नसणार म्हणून तोऱ्यात विचारून बसलो, आणि तुम्ही हो म्हणालात! काय गरज होती हो तुम्हाला?"

तोवर पलीकडे दोघा गुरूंची जुंपली होती.

"हा माणूस खेळाचा खाटीकखाना करतो," मालोजीराव म्हणत होते.

"आन् ह्यो मानसाचा पुतळा करतोय! मानूस उभ्या उभ्या म्हातारा व्हईल!"

"गप्प बसा!" साहेब ओरडले. कंबर धरलेल्या माणसाच्या आवाजाला एक वेगळीच धार येते. "तो चेंडू. दोघांनी मारून दाखवा. आत्ताच्या आत्ता."

मालोजीराव म्हणाले, गुरू स्वतः मारत नसतो. सुभेदार म्हणाले, खांद्यात लढाईतली गोळी हाय. साहेब हलले नाहीत. हलता येतही नव्हतं. अखेर मालोजीराव पुढे झाले, वाकले आणि बगळ्यासारखे स्थिर झाले. पुष्कळ वेळ गेला. शेवटी वारा आला आणि चेंडू आपणहून थोडा सरकला. "पाहिलंत?" मालोजीराव म्हणाले. मग सुभेदारांनी स्वतःच एक-दोन-तीन म्हणून क्लब हाणला. मोठं ढेकूळ उडालं, ते मालोजीरावांच्या कोटावर फुटलं आणि चेंडू त्या खड्ड्यात जाऊन बसला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"जमीन खराब आहे," मालोजीराव म्हणाले.

"लई खराब," सुभेदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी ऑफिसात तेच जाहीर केलं आणि डाव रद्द झाला. उद्धवराव मात्र बढतीची आशा सोडून बसले होते. ज्या माणसानं आपल्याला तसं वाकलेलं पाहिलंय, त्याला साहेब रोज समोरच्या खुर्चीत कसा सहन करणार? साहेबांनाही हेच वाटलं असावं. कारण आठवड्याच्या आत उद्धवराव नागपूर डेपोचे मॅनेजर झाले. असिस्टंट नव्हे, पूर्ण मॅनेजर, आणि ताबडतोब निघायचं.

चिंचवड स्टेशनावर कारखान्यातले बरेच अधिकारी निरोपाला आले. गाडी सुटायच्या बेताला गर्दीतून मालोजीराव आणि सुभेदार दत्तोबा, दोघं मिळून एकच हार घेऊन पुढे घुसले. तो त्यांनी उद्धवरावांच्या गळ्यात घातला. मग मालोजीराव वळले आणि सगळ्या अधिकाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे आमचे शिष्य. आमच्याकडे गोल्फ शिकले म्हणून मॅनेजर झाले. सुभेदार आणि मी आता एकत्रच वर्ग घेतो. उद्यापासून नवी तुकडी आहे."

उद्धवरावांनी रागानं तोंड उघडलं. पण त्या वाक्यात खोटं नेमकं काय, ते त्यांना सापडेना. तोवर गाडी हलली. खिडकीतून त्यांना दिसलं, कंपनीचे डॉक्टर मालोजीरावांना बाजूला घेऊन हळूच काहीतरी विचारत होते, आणि मालोजीराव त्यांना गुडघे वाकवायला सांगत होते.