डोलनांची वंशावळ

दिगंबरराव देशपांडे बारशाला गेले की पाळण्यात डोकावून म्हणायचे, "नाव चढलं." आणि मयताला गेले की बाहेर ओट्यावर टेकून म्हणायचे, "नाव कमी झालं. मागं वारस किती?" तिरडी अजून बांधून व्हायची असे. लोक दातओठ खात. पण दिवस उरकले की तेच लोक कागदांचं बोचकं घेऊन त्यांच्या दारात हजर होत. तहसीलच्या दफ्तरखान्यात उभा जन्म घालवून हा माणूस घरी बसलेला, त्यामुळे जमिनीच्या कामात सगळं जालना त्यांना धरून होतं.

निजामाचं राज्य होतं. मी नुकताच मास्तर होऊन जालन्याला आलो होतो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली होती. पहिल्याच दिवशी मी सांगितलं की माझे वडील परतूरला असतात. ते म्हणाले, "बराबर. पण कागद?" वडील असल्याचा कागद मजजवळ नव्हता. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याकडे जरा संशयानेच बघत.

स्वतः ते विधुर, मूलबाळ नाही. स्वयंपाक हातानेच करीत आणि तो खाल्ला की दिवसभर उचक्या देत. बोलायला कुणी नसलं की जुन्या कागदांच्या नकला मोठ्याने वाचत बसत, आणि मधली भिंत पातळ असल्यामुळे त्या मलाही ऐकाव्या लागत.

अशात एका सकाळी त्यांच्या दारात टांगा थांबला आणि नोराबाई डोलन उतरल्या. जालन्याची पलटण केव्हाच उठून गेली होती. पण त्या पलटणीबरोबर आलेल्या एका साहेबाने छावणीमागे जमीन घेतली, मोसंबीची बाग लावली, बंगला बांधला आणि तो इथेच राहिला. त्या घराण्यातल्या ह्या शेवटच्या. वय साठीच्या आसपास, डोळे निळे, पायात जालन्याच्या चांभाराच्या वहाणा. मी मान वाकवून इंग्रजीत नमस्कार केला, तर म्हणाल्या, "मराठीत बोला मास्तर, इंग्रजी मला चर्चपुरतीच येती. आन् आम्ही इंग्रज न्हाई, आयरिश हाव."

काम असं होतं : बाईंना सरकारी नोटीस आली होती. जॉन डोलन यांच्या पश्चात वारस असल्याचं शाबीत करा, नाहीतर बाग आणि बंगला सरकारजमा. बाई म्हणाल्या, "आमच्या पणज्याची जमीन तिकडं आयर्लंडात इंग्रजानं घेतली. इकडं निजाम घेऊन राह्यला. आता मी कुठं जाऊ? मला तर तो मुलुख ठाऊक बी न्हाई."

दिगंबरराव म्हणाले, "बराबर. पण कागद?"

कागद बक्कळ होते, आणि तिथेच आमचं डोकं फिरायला सुरुवात झाली. तहसिलीतले कागद महसुलाच्या फसली सनाचे, जुन्या अदालतीतले हिजरी सनाचे, आणि गोऱ्यांच्या स्मशानातल्या दगडांवर इसवी सन. दिगंबररावांनी हिशेब मांडला तेव्हा पहिला डोलन जन्माला येण्याआधीच वारला होता. मी गणिताचा मास्तर म्हणून तो हिशेब माझ्याकडे आला. मी मांडला तेव्हा तो वारल्यावरही दोन शेतं खरेदी करीत होता.

सन कसेबसे जुळले, तर माणसं जुळेनात. एका खरेदीखतावर जॉन पॅट्रिक डोलन. दुसऱ्यावर पॅट्रिक जॉन डोलन. एका दाव्यात पुन्हा जॉन पॅट्रिक. आता आपल्याकडे मधलं नाव बापाचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दिगंबररावांनी घरातल्या भिंतीवर गेरूने वंशावळ काढली. जॉनचा बाप पॅट्रिक, पॅट्रिकचा बाप जॉन, त्या जॉनचा बाप पुन्हा पॅट्रिक. रेघा फिरून जिथे निघाल्या तिथेच यायच्या.

"मास्तर," ते माझी झोपमोड करून म्हणाले, "ह्या घरात दोनच माणसं दिसून राह्यलेत. आलटून पालटून एकमेकांचे बाप झालेत."

"असं कसं होईल?"

"कागद तर तसंच म्हणतोय."

त्यात नोराबाईंच्या वडिलांचं नाव निघालं जॉन विल्यम डोलन. म्हणजे जॉनचा बाप विल्यम! हा विल्यम कुठून उपटला? सबंध उन्हाळा आम्ही विल्यमच्या मागे होतो. मी गोऱ्यांच्या स्मशानात एकेक दगड पुसून वाचला. तिथे एक विल्यम सापडलासुद्धा, पण तो पाच वर्षांचा असताना वारला होता. तोही दिगंबररावांनी भिंतीवर खडूने तात्पुरता चढवून ठेवला.

रोज संध्याकाळी ते शोधलेलं सांगायला बंगल्यावर जात. जाण्याआधी टोपी झटकत, उपरणं दोनदा बदलत. नोराबाई पडवीत चहा करीत. मी एकदा बरोबर गेलो होतो, तेव्हा दिगंबररावांनी फार गंभीर चेहऱ्याने विचारलं, "बाई, तुमचे आजोबा विल्यम यांचा काही ठावठिकाणा?"

"माझे आजोबा पॅट्रिक," बाई म्हणाल्या. "विल्यम तर आमचे पाद्री होते. त्यांच्या नावावरून बाबाचं मधलं नाव ठेवलं."

दिगंबररावांच्या हातातली बशी तशीच राहिली. "मधलं नाव पाद्र्याचं? मंग बापाचं नाव कुठं ठेवता तुम्ही लोक?"

"ध्यानात ठेवतो," बाई म्हणाल्या.

ते तडक घरी परत आले. मग ओल्या फडक्याने सगळी भिंत पुसली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात केली. मला वाटलं, आता आठवड्याभरात निपटेल. कसलं निपटतंय! आज काय, औरंगाबादहून नक्कल यायची आहे. उद्या काय, कागदांची जुनी मिसल सापडत नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि दिगंबररावांची रोजची बंगल्याची फेरी काही चुकली नाही.

अखेर पणज्यापासून बापापर्यंत सगळी साखळी कागदोपत्री बसली. एकच कडी राहिली, आणि ती नेमकी नोराबाईंची. त्यांची आई इथलीच, जाफराबादकडची, काशीबाई म्हणून. साहेबाने तिच्याशी घर केलं ते ना देवळात, ना चर्चमध्ये. त्यामुळे ह्या बाई म्हणजे साहेबाचीच मुलगी, असं सांगणारा कागद जगात कुठेच नव्हता.

अदालतीत सुनावणीच्या पेशीला न्यायाधीश मुनसफसाहेबांनी सगळी मिसल चाळली. बाहेर आंब्याखाली बसलेल्या नोराबाईंना आत बोलावलं. उर्दूत म्हणाले, "डोलन घराणं शाबीत झालं. पण ह्या बाई त्याच घराण्यातल्या, ह्याला काय पुरावा?"

नोराबाईंनी दिगंबररावांकडे पाहिलं. मीही पाहिलं. आता बाग गेली, बंगला गेला, ह्या वयात ही बाई कुठे जाणार?

दिगंबरराव उठले. हात रिकामे होते. त्यांना अदालतीत रिकाम्या हाताने उभं राहिलेलं कुणीच पाहिलं नव्हतं.

"हुजूर, कागद न्हाई. मी पाह्यलंय."

"काय पाहिलंय?"

"मी लहान होतो. वडलांबरोबर बंगल्यावर गेल्तो. ही पोर तापानं फणफणली होती. डोलनसाहेब तिला खांद्यावर घेऊन पडवीत फेऱ्या घालू राह्यले होते आन् काहीतरी गात होते. ना इंग्रजी, ना आपलं. मागं काशीबाई कडुलिंबाची डहाळी घेऊन. वडलांनी विचारलं, साहब, किसकी बच्ची? साहेब थांबले बी न्हाई. म्हणाले, मेरी. आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो. त्यांनी पोरीला खाली ठेवलं न्हाई. परक्याच्या लेकराला इतकं कोणी फिरवत न्हाई, हुजूर."

मुनसफसाहेबांनी चष्मा काढला. "एवढं ठाऊक होतं, तर सांगायला इतके दिवस का लावले?"

"कागद शोधत होतो," दिगंबरराव म्हणाले आणि खाली बघू लागले.

त्यांची जबानी दाखल झाली, आणि निकाल नोराबाईंच्या बाजूने लागला. बंगला राहिला, बाग राहिली. मी पेढे आणले.

त्या संध्याकाळी दिगंबरराव ओट्यावरच बसून होते. टोपी खुंटीला. मी विचारलं, "बंगल्यावर नाही जायचं?"

"काम संपलं की. आता काय म्हणून जायचं?"

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. तो बाजूला ठेवून ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं मास्तर, तर एका पेशीत निपटलं असतं. मंग संध्याकाळी मी कुठं गेलो असतो?"

मला त्या म्हाताऱ्याची फार माया आली. मी उगाच त्यांचा कंदील पुसत बसलो.

तीन-चार संध्याकाळी अशाच गेल्या. मग एक दिवस टांगा आला. नोराबाई उतरल्या, ओट्यासमोर उभ्या राहिल्या. दिगंबरराव गडबडून उठले आणि टोपी शोधू लागले.

"दिगंबरराव," बाई म्हणाल्या, "बाबाचं घराणं झालं. माझ्या आईचं राह्यलं. तिचे मायबाप कोण, कुठले, मला काहीच ठाऊक न्हाई. शोधता का?"

"बायांची नावं दफ्तरात चढत न्हाईत, बाई. कागद सापडायचा न्हाई. लई अवघड काम आहे."

"म्हणजे लई दिवस लागतील?"

दिगंबररावांना टोपी सापडली होती. ती त्यांनी हातातच धरली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाईंच्या डोळ्यांकडे सरळ पाहिलं.

"लागतील," ते म्हणाले.

"मंग चला," नोराबाई म्हणाल्या, आणि टांग्यात जरा सरकून बसल्या.